आक्काची दिवसाची लाईट

आक्का,

तुझ्या मातीला माणसं जमली तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू होत्या. जिकडंतिकडं पाणी वाहिल्याचा आवाज. कुणीतरी बालाजीच्या कानाशी म्हणालं, "आजच्या दिवस तरी मोटार बंद कर बाबा, बरं दिसत न्हाई." तुझं पोरगं काही बोलायच्या आत सविता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या चालू. दिवसाची लाईट वाया गेलेली आत्याबाईला खपायची न्हाई." तुझी सून रडत होती, आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं. मग मलाही फुटलं. परळीहून निघाल्यापासून एस.टी.त छातीवर जे दगडासारखं बसलं होतं, ते तिथं हललं.

श्रद्धांजलीला चौघं-पाच जण उठले. सुभद्राबाई कशा कष्टाळू, कशा पंचायतीच्या मेंबर होत्या, दाजी गेल्यावर कसं घर सांभाळलं, हे सगळ्यांनी सांगितलं. खरंच होतं ते. मला मात्र कुणी बोलायला सांगितलं नाही ते बरं झालं. कारण मला तुझं गुणगान करायचं नव्हतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते पुढं चालवायचं होतं.

कधी सुरू झालं ते, आठवतं का? मी आयटीआय करून परळीच्या थर्मलला, कोळशाच्या वीजकेंद्रात लागलो होतो, बॉयलरवर. तू आणि दाजी शिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला आलात. दर्शन झाल्यावर मी तुम्हाला कॉलनीच्या मागं नेलं आणि लांबून चिमण्या दाखवल्या. वाटलं होतं, तू तोंडात बोट घालशील. तू पदर सावरत वर बघितलंस आणि म्हणालीस, "एवढी मोठी चूल हाय तुमची, दिवसरात पेटलेली. मग आमच्याकडं दिवसा लाईट कावून येत न्हाई?"

मी समजावून सांगितलं. दिवसा कारखाने असतात, हापिसं असतात, शहरं असतात. सगळ्यांनी एकदम मागितली तर पुरत नाही, म्हणून शेतीला पाळी लावलेली असते.

"पाळी म्हणल्यावर बदलती पायजे की," तू म्हणालीस. "आमची रातचीच कावून?"

दाजी हसले. वीज किती करायची ते आमच्या हातात होतं, कुणाला कधी द्यायची ते कुठं तरी वर ठरायचं. मुंबईत, दिल्लीत. पण हे तुला सांगून उपयोग नव्हता. दाजी हातात बॅटरी घेऊन रात्री दारं धरायला जायचे, चिखलात उभं राहून एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवायचे. ते परत येईपर्यंत तुझा डोळा लागायचा नाही. पुढं बालाजी जायला लागला तेव्हाही तेच. तुला उत्तर नको होतं, दिवस पाहिजे होता.

त्यानंतर आपण दोघं भेटलो आणि विजेवर बोललो नाही असं झालंच नाही. दिवाळीला ओवाळताना, लग्नात पंगतीला बसताना, कुणाच्या बारशाला. लोक म्हणायचे, या बहीण-भावाला दुसरा विषय नाही का. धरण आटलं त्या वर्षी पाण्यावाचून आमचं थर्मलच बंद ठेवावं लागलं, तेव्हा तू फोन केलास. मला वाटलं चौकशीला केला. "काय रं दिगू, तुजी लाईट बी आमच्या उसावानीच निघाली. पाण्याबिगर तिचं बी भागत न्हाई." मी रागावून फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा तुझाच फोन. "जेवलास का?"

मग थर्मलचे वीज करणारे जुने संच बंद करायचं ठरलं. ते काही एका दिवसात झालं नाही. आधी नुसती चर्चा, मग आज चालू उद्या बंद, मग एक दिवस कायमचेच थंड. कारणं सगळी बरोबर होती. यंत्रं म्हातारी झाली होती, कोळसा जास्त खायची, धूर जास्त सोडायची. देशाचं धोरणच बदललं होतं: जुनी कोळशाची केंद्रं हळूहळू मिटवायची आणि नवी वीज उन्हावर, वाऱ्यावर करायची. मी रोज पेपरात वाचत होतो. वाचताना पटायचं. पण ज्या बॉयलरच्या अंगावर हात ठेवून, त्याच्या नुसत्या थरथरीवरून मी आत काय चाललंय ते ओळखायचो, तो बॉयलर गार लागला त्या दिवशी मला काही पटलं नाही. नवे संच चालू होते, काहीजण तिकडं गेले. माझी निवृत्ती जवळ आली होती. मी रजा टाकून चार दिवस तुझ्याकडं येऊन राहिलो.

तू माझी समजूत घातली नाहीस. ज्वारीची भाकरी आणि ठेचा समोर ठेवलास आणि म्हणालीस, "आता बोल. काय काय वाईट झालं ते समदं बोल."

मी बोललो. सूर्य मावळल्यावर काय करणार आहेत म्हणालो. ढग आल्यावर काय करणार आहेत. संध्याकाळी घराघरात दिवे लागतात तेव्हा देशाला कोळसाच लागतो, उद्याही लागेल. तू सगळं ऐकून घेतलंस.

"मग संध्याकाळची तू दे," तू म्हणालीस. "मी कुटं नको म्हणायलेय? मला दिवसाची पायजे."

"आमच्या परळीत चहाच्या टपऱ्या बसल्या आक्का. राखेच्या विटा करणारे बसले. त्यांना कुणी विचारलं?"

ताट उचलायला वाकलीस आणि म्हणालीस, "न्हाई विचारलं? मग तुमी उठून बोलायचं व्हतं की. बोलल्याबिगर कोण विचारतंय?"

मी म्हणालो, मला सभेत बोलता येत नाही. तुला ठाऊकच होतं ते. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की माझे पाय लटपटायचे आणि तू तुझ्या वर्गातून पळत येऊन माझ्या वाटची कविता म्हणून जायचीस.

जुन्या चिमण्या पाडल्या त्या दिवशी तू परळीला आलीस. कुणी बोलावलं नव्हतं. गुडघे दुखत असताना केजला आणि अंबाजोगाईला गाडी बदलून आलीस. लोक मोबाईल वर धरून उभे होते. चिमणी खाली बसली, धुळीचा लोट उठला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. तू पिशवीतून नारळ काढलास, रस्त्याकडेच्या दगडावर फोडलास आणि हात जोडलेस. मी विचारलं, हे काय आक्का? तू म्हणालीस, "आपल्या घरात पैला दिवा हिच्यावरच लागला न्हवं. तशीच कशी जाऊ द्यायची?" थर्मलच्या इतक्या माणसांत माझ्या चिमणीसाठी नारळ तू एकटीनं आणलास. तू, जी तिला आयुष्यभर बोल लावत आली होतीस. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज सांगतो. त्या दिवसानंतर मी बऱ्यापैकी शांत झालो.

आणि मग तुझ्या गावात योजना आली.

नांदूरघाटच्या शेजारचं तुझं गाव, डोंगराच्या पायथ्याचं. शेतीच्या विजेची लाईन गावठाणापासून वेगळी करायची, जवळच सोलरच्या पाट्या उभ्या करायच्या आणि त्यांची वीज थेट शेतीला द्यायची. म्हणजे आपसूकच दिवसा. दिल्लीनं ठरवलं, मुंबईनं पुढं ढकललं आणि कागद फिरत फिरत तुझ्या ग्रामपंचायतीत येऊन पडला. सबस्टेशनजवळ सरकारी जमीन पाहिजे होती. तुमच्याकडं ती एकच, डोंगराकडचं गायरान.

त्या वेळी मी तुझ्याकडंच आलो होतो; ग्रामसभेला मागं भिंतीला टेकून बसलो. गावचे पुढारी तात्या उभे राहिले आणि सांगितलं की गायरान देऊन टाकू, सगळ्या गावाचं कल्याण आहे. माणसं माना डोलवत होती. तात्यांनी तुझ्याकडं बघून म्हटलं, "आक्काला तर आज दिवाळीच म्हणायची."

तू उठलीस. "तात्या, लाईट पायजे. पण गायरान समदं देऊ नका. मारुतीच्या मेंढ्या कुटं जायच्या?"

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. मारुती दारात, चपला काढतात तिथं उकिडवा बसला होता. धनगराची दोन-चार घरं गावात. त्यांच्या मेंढ्या पावसाळाभर त्या गायरानावर चरायच्या आणि सुगी झाली की तुमच्याच रानात बसायच्या, खतासाठी. तरी गायरान द्यायच्या ठरावात त्यांचं नाव नव्हतं.

"आक्का, योजना शेजारच्या गावाला जाईल," तात्या म्हणाले. "मग बसा पुन्हा रातचं."

"जाऊ द्या गेली तर," तू म्हणालीस. "एकाचं रातचं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर घालायचं आसंल तर मला नको."

घरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. बालाजी तर तुझ्याशी बोलेचना. जन्मभर जे मागितलं ते दारात आलं आणि तू दार लावून घेतेस? पारावर माणसं बालाजीला टोमणे मारायला लागली होती. तू भाजी निवडत बसली होतीस. निवडलेली पानं काड्यांत आणि काड्या टोपलीत टाकत होतीस, ते मी पाहिलं. भीती तुलाही वाटत होती आक्का. योजना खरंच गेली असती तर गावानं तुला कधीच माफ केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "चल, बघून येऊ."

तू, मी आणि मारुती गायरानावर गेलो. वरच्या अंगाला गवत होतं, कुसळी, पवना, मधेच बोरीची झुडपं. खालच्या अंगाला नुसता मुरूम. तिथं पावसाळ्यातही फारसं काही उगवत नाही, मारुती म्हणाला. पण तेवढ्यानं भागत नव्हतं, जमीन कमी पडत होती. खालच्या मुरमाला लागूनच तुझा माळ होता. तू बांधावर बसलीस, घाम पुसलास आणि त्या माळाकडं बघत राहिलीस. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळलं आणि बालाजीचा चेहरा डोळ्यापुढं आला. त्या माळावर त्याला सीताफळाची बाग करायची होती. रोपंसुद्धा बघून ठेवली होती.

संध्याकाळी तू त्याला सांगितलंस. तो ताडकन उठला. "माय, गावाचं तू बघतीस, धनगराचं तू बघतीस. माजं कोण बघणार?"

त्याचं बरोबर होतं. तूही तसं म्हणालीस. "तुजं बरुबर हाय बाळा. पण रातच्या लाईटीवर बाग धरणार का तू? तुजा बाप तसाच गेला, रातचं भिजून भिजून छाती धरली त्याची. अर्धा माळ त्यांना भाड्यानं देऊ, अर्ध्यावर तुजी बाग लाव. दिवसा पाणी दे."

तो बाहेर निघून गेला. बऱ्याच वेळानं परत आला आणि जेवायला बसला. सविता हळूच म्हणाली, "त्ये बसले म्हंजी हो म्हणालेत, आत्याबाई."

पाहणीला जो इंजिनिअर आला तो बीडकडचाच, शेतकऱ्याच्या घरातला. नकाशा पसरून तो तुझ्याशेजारी मातीतच बसला. खालचं गायरान आणि तुझा अर्धा माळ चालेल म्हणाला, वर कळवतो, पण कुंपण सगळीकडून येणार. मारुतीचा चेहरा उतरला, कारण पाणवठ्याची वाट तिथूनच होती. वाट सोडून कुंपण घालायचं ठरलं. निघताना इंजिनिअरच म्हणाला, "आजी, एक आहे. पाट्यांच्या मधी गवत वाढतं, त्याची सावली पडली की वीज कमी होते. दुसरीकडं आम्ही मेंढ्या सोडतो. पण फक्त मेंढ्या. शेळ्या पाट्यांवर उड्या मारतात, तारा कुरतडतात."

मारुतीच्या कळपात चार शेळ्याही होत्या. तो म्हणाला, "सायब, माज्या शेळ्या लई गरीब हायेत."

सगळे हसले. तू तर डोळे पुसत हसलीस. शेळ्यांना परवानगी मिळाली नाही ती नाहीच.

पुढची ग्रामसभा मी विसरणार नाही. तू नवा ठराव सांगितलास. तात्या मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आक्का सोताचा माळ द्यायलीय म्हणल्यावर आता कुणाचं काय बोलायचं ऱ्हातंय?" हात वर झाले. मारुतीनंही दारातून हात वर केला. तू त्याला म्हणालीस, "आत ये की रे. बाहेरून कशाला?"

सोलरची वीज पहिल्यांदा शेतीला आली तेव्हा बालाजीनं तुला खुर्ची टाकून दिली होती, बसून बघ म्हणून. तू बसली नाहीस. साडी खोचलीस, हातात खोरं घेतलंस आणि दारं धरायला उतरलीस. मला फोन लावून सविताच्या हातात दिला होतास. आधी नुसता पाण्याचा आवाज आला. मग लांबून तुझा. "दिगू, माजी सावली दिसायलीय रं पाण्यात!"

मी परळीत माझ्या गॅलरीत उभा होतो. समोर नव्या संचाची चिमणी धूर सोडत होती. मला अजिबात वाईट वाटलं नाही, आक्का. उलट जन्मभर मीच ती वीज करत होतो आणि आज ती तुझ्या घरी पोचली, असं काहीतरी वेड्यासारखं वाटलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र म्हणू नकोस. भर पावसाळ्यात आठवडाभर ढग होते तेव्हा मोटारी कण्हायला लागल्या. मी मुद्दाम फोन केला. "काय आक्का, आठवतो का कोळसा?" तू म्हणालीस, "पाऊस पडायलाय, पाणी द्यायचं कशाला? डोकं हाय का तुला?" पण संध्याकाळची वीज अजून कोळशाचीच येते, हे माझं म्हणणं तू कधी खोडलं नाहीस. "येऊ दे," म्हणायचीस. "तुज्यासारखीच म्हातारी हाय ती. जाईल सावकाश."

आपलं शेवटचं भांडण दवाखान्यातून घरी आणल्यावर झालं. तुला ओसरीवर उन्हात झोपवलं होतं. अंग अगदी हलकं झालं होतं तुझं, आवाज मात्र तोच. मी म्हणालो, "काही म्हण, दिल्लीनं धोरण बदललं म्हणून तुला दिवस मिळाला. तू कितीही भांडली असतीस तरी मिळाला नसता."

"दिल्लीच्या कागदावर मारुतीचं नाव व्हतं का?"

"नव्हतं."

"पाणवठ्याची वाट व्हती का?"

"नव्हती. पण कागदच आला नसता तर तू ही वाट कशात मागितली असतीस?"

तू डोळे मिटून विचार केलास. मग म्हणालीस, "त्ये बी हाय. थांब, उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तू भुईमुगाच्या शेंगा भाजून मागितल्यास, बालाजीच्या सीताफळांना फळ कधी धरेल ते विचारलंस, माझी दाढी वाढली म्हणून रागावलीस. पण ते उत्तर राहून गेलं. मीही आठवण केली नाही. वाटलं, वेळ आहे, आणि परळीला परतलो. आणि असाच एक उद्या आला, त्यात तू नव्हतीस.

रडलो, नाही असं नाही. अजूनही परळीत सकाळी फोन वाजला की वाटतं तूच आहेस, "जेवलास का" विचारायला. पण मनाला चटका लागतो तसा समाधानाचा हातही पाठीवर फिरतो. तुला पाहिजे होतं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. बालाजी रात्री घरात झोपतो. किती जणांच्या नशिबी हे असतं?

आणि आता तुला जे ठाऊक नाही ते सांगतो. परवा मारुती परळीला आला. त्याचे सोयरे दिंद्रुडकडच्या एका गावात राहतात. तिथंही तोच कागद आलाय, तिथंही गायरान, तिथंही मेंढ्या. "मामा, आक्का न्हाई," मारुती म्हणाला, "मग तुमीच चला." मी नको म्हणालो. तो उठेचना. शेवटी माझ्या सुनेनं, तुझ्या भाचसुनेनं, माझी पिशवी भरून दारात ठेवली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. तिथल्या सरपंचांनी विचारलं, पाहुणे कोण? मी उभा राहिलो. म्हणालो, "मी दिगंबर. जन्मभर थर्मलला कोळसा जाळला. सोलरचं समर्थन करायला माझ्यासारखा माणूस आलाय, तेव्हा जरा ऐकून घ्या." लोक हसले, मग ऐकायला लागले. दिवसाच्या विजेचं सांगितलं. रात्रीसाठी अजून दुसरी वीज लागते तेही सांगितलं, लपवलं नाही. परळीत आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही, म्हणून तुम्ही आज बोला, असं म्हणालो. मग वाटेचं, मेंढ्यांचं, पाट्यांच्या मधल्या गवताचं सांगितलं. एक म्हातारा धनगर मागून पुढं येऊन बसला. सरपंच म्हणाले, ठराव आज नको. आधी सगळे मिळून गायरान चालून बघू.

येताना एस.टी.त मारुती झोपला होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. एवढं मी कधी बोललोच नव्हतो. आक्का, आज माझ्या वाटचं म्हणायला तू पळत आली नाहीस. माझं मीच बोललो. आणि बरं बोललो.

तुझा
दिगू